डीएनए घट्ट धरणारं लिपिड पेशीत का हरतं?

प्रश्न थोडक्यात असा. पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने पेशीत जनुक पोचवण्यासाठी नवं कॅटायॉनिक, म्हणजे धनभारित, लिपिड बनवलं आहे: दोन हेक्झाडेसिल शेपट्या, ईथरचा दुवा आणि डोक्यावर दोन क्वाटर्नरी अमोनियम (कायमचा धनभार असलेले नायट्रोजन). डोपे या सहायक लिपिडसोबत समप्रमाणात लायपोसोम (लिपिडच्या पोकळ पिशव्या) केले, जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं प्लाझ्मिड (गोल डीएनए) मिसळलं. जेलमध्ये डीएनए खाचेतून हलतही नाही, झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप) +५० मिलिव्होल्टच्या आसपास, कणांचा आकार ठीक. तरी एचईके-२९३ पेशींत हिरवं जवळजवळ काही दिसत नाही, आणि लिपिड वाढवलं की पेशी मरतात. लायपोफेक्टामिन हे बाजारात तयार मिळणारं मिश्रण त्याच प्लेटमध्ये उत्तम चालतं. तिला विचारायचं आहे: तिसरा धनभार जोडू का?

जोडू नका. तुमच्या रेणूत धनभार आधीच गरजेपेक्षा जास्त आहे आणि तो कायमचा आहे. अडचण डीएनए पकडण्यात नाही, सोडण्यात आहे.

जेल रिटार्डेशनचा, म्हणजे डीएनए जेलमध्ये अडून राहिल्याचा, स्वच्छ फोटो मिळाला की रसायनशास्त्रज्ञाला काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पण त्या जेलमधून एकच गोष्ट कळते: विरुद्ध भाराचे दोन रेणू पाण्यात एकमेकांना चिकटले. डीएनएच्या फॉस्फेटभोवती सोडियम आयन असतात, लिपिडच्या डोक्याभोवती क्लोराइड. दोघं जवळ आले की हे लहान आयन मोकळे सुटतात, एन्ट्रॉपी वाढते आणि बंध घट्ट होतो. दोन लांब शेपट्या आणि एक धनभार असलेलं जवळपास कुठलंही लिपिड एवढं करतं. त्यामुळे जेल ही पात्रता-फेरी समजा. तिथे वरचा क्रमांक मिळाला म्हणून पेशीत काही मिळत नाही.

खरा प्रवास त्यानंतर सुरू होतो. कण पेशीच्या पटलाला चिकटतो, आत ओढला जातो आणि एंडोसोम नावाच्या पेशीतल्या पिशवीत बंदिस्त होतो. तिथला पीएच आधी ६.३ च्या आसपास, मग ५.५, आणि लायसोसोममध्ये ५ च्याही खाली जातो. तिथे पोचण्याआधी बाहेर पडलं नाही तर डीएनए तुटतो. आजच्या चांगल्या वाहकांतही ही सुटका फार कमी होते. २०१३ मध्ये उंदराच्या यकृतात आणि पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं तेव्हा लिपिड नॅनोकणांतून आलेल्या एसआयआरएनएपैकी (जनुक गप्प करणारे छोटे आरएनए) अवघे १ ते २ टक्के एंडोसोममधून पेशीद्रवात पोचताना दिसले. क्षेत्रातल्या सर्वात यशस्वी वाहकाची ही गत असेल, तर रचनेवर विचार करताना वेळ कुठे द्यायचा हे उघड आहे.

इतिहास बघितला तरी हेच दिसतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिंटेक्स कंपनीत फिलिप फेल्ग्नर आणि सहकाऱ्यांनी डोटमा नावाचं लिपिड वापरून पेशीत डीएनए घातला आणि या पद्धतीला ‘लिपोफेक्शन’ म्हटलं. सगळ्यांना त्यातला धनभार आठवतो. पण डोटमाच्या शेपट्या ओलिल होत्या, म्हणजे अठरा कार्बनच्या आणि मध्ये एक सिस दुहेरी बंध असलेल्या, आणि बाजारात आलेल्या लिपोफेक्टिनमध्ये निम्मा भाग डोपे होता. धनभाराने डीएनए पेशीपर्यंत आणला, पण आतलं काम मऊ शेपट्यांनी आणि डोपेने केलं.

ते आतलं काम नीट समजून घ्या, कारण तुमच्या लिपिडचा घोळ तिथेच आहे. पेशीपटलाच्या पेशीद्रवाकडच्या थरात फॉस्फॅटिडिलसेरीनसारखी ऋणभारित लिपिडं असतात. एंडोसोममध्ये अडकलेला धनभारित कण पटलाला भिडला की ही लिपिडं उलटून आतल्या थरात येतात आणि कॅटायॉनिक लिपिडशी जोडी जमवतात. जोडी जमली की भार रद्द होतो आणि डीएनएवरची पकड ढिली पडते. यूहोंग शू आणि फ्रान्सिस सोका यांनी १९९६ मध्ये हे फार सुंदर दाखवलं. एटीपी, टीआरएनए, पॉलिग्लुटामिक आम्ल असे पाण्यात विरघळणारे भारित रेणू शंभर पट भाराने घातले तरी लायपोप्लेक्समधून, म्हणजे लिपिड-डीएनएच्या कणातून, डीएनए सुटला नाही. पेशीपटलाच्या आतल्या थरासारखी घडण असलेले ऋणभारित लायपोसोम घातले आणि तो भराभर सुटला. म्हणजे डीएनएची सुटका लिपिडांची लिपिडांशी होणारी अदलाबदल ठरवते.

आता आकाराचा भाग. भार रद्द झालेल्या जोडीचं डोकं आपसूक लहान होतं, कारण एकमेकांना ढकलणारे भार गेले आणि भोवतीचं पाणीही कमी झालं. शेपट्या पसरट असतील तर जोडीचा आकार शंकूसारखा होतो, टोक डोक्याकडे. इस्राएलाश्विलींनी १९७० च्या दशकात मांडलेला पॅकिंग पॅरामीटर इथे उपयोगी पडतो: शेपट्यांचं आकारमान भागिले (डोक्याचं क्षेत्रफळ गुणिले शेपटीची लांबी). हा आकडा १ च्या जरा खाली असेल तर सपाट दुहेरी थर, १ च्या वर गेला की उलटी षट्कोनी रचना. दुहेरी थर सोडून ही उलटी रचना घेताना दोन पटलं मिसळतात, एंडोसोमला भोक पडतं आणि डीएनए बाहेर पडतो. डोपे आपल्याला हवं असतं ते याचसाठी, त्याचं डोकं मुळातच लहान असतं. सफिन्या यांच्या गटाने १९९७-९८ मध्ये क्ष-किरणांनी दोन्ही रूपं दाखवली: डीएनएच्या कांड्या थराथरांत दाबलेल्या, आणि डोपे जास्त असताना प्रत्येक कांडी लिपिडच्या नळीत बसलेली.

तुमच्या रेणूकडे या नजरेने बघा. हेक्झाडेसिल शेपट्या संतृप्त आहेत, सरळ उभ्या राहतात, ३७ अंशांना थरात घट्ट रचून बसतात. साजूक तूप थंडीत थिजतं आणि गोडं तेल वाहतं राहतं, यामागचं कारण हेच. तशाच दोन सोळा-कार्बनी शेपट्यांच्या डीपीपीसी या लिपिडचं वितळणं ४१ अंशांना होतं, तर ओलिल शेपट्यांच्या डीओपीसीचं शून्याच्या बरंच खाली. त्यावर तुमच्या डोक्यात दोन क्वाटर्नरी अमोनियम, म्हणजे मोठं, पाणी धरून ठेवणारं डोकं. मोठं डोकं, ताठ शेपट्या. असा रेणू सपाट थरातच सुखी असतो आणि एंडोसोमची एखाद-दुसरी ऋणभारित जोडी मिळाली तरी शंकू व्हायला तयार नसतो. शेजारी डोपे आहे, पण अर्ध्या भागाला एकट्याने वाकवता येत नाही.

मग शेपटी कुठली घ्यावी? नवीन काम करत असाल तर ओलिलपासून सुरुवात करा आणि पुढे गरज पडली तरच लिनोलेइलकडे जा. दुहेरी बंध दोन झाले की रचना अधिक वाकते, पण ऑक्सिडेशनचा त्रासही वाढतो. डोपे न घालता कोलेस्टेरॉल घालायचं असेल तर तोही चांगला मार्ग आहे, सीरममध्ये त्याचे कण सहसा जास्त टिकतात. मी स्वतः पेटरी डिशमध्ये डोपे आणि प्राण्यांत कोलेस्टेरॉल असा कल ठेवतो.

डोक्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तिसऱ्या धनभाराचा विचार इथूनच आला असणार. बहुभारित डोकी वाईट नसतात. लायपोफेक्टामिनमधलं डोस्पा हे लिपिड स्पर्मिनवाल्या (चार अमाइनच्या) डोक्याचंच आहे. पण अमाइन किती आहेत यापेक्षा ते कुठे आणि कसे आहेत याला जास्त किंमत आहे. जीएल-६७ हे फुफ्फुसासाठी बनवलेलं लिपिड बघा: कोलेस्टेरॉलला स्पर्मिन टोकाला न जोडता मधल्या नायट्रोजनला जोडलं, म्हणजे रेणू टी आकाराचा झाला, आणि उंदराच्या फुफ्फुसात त्याने सरळ रेषेतल्या भावंडाला मागे टाकलं. हेच लिपिड पुढे ब्रिटनमधल्या सिस्टिक फायब्रोसिसच्या चाचणीत वर्षभर दर महिन्याला फवाऱ्यातून दिलं गेलं. २०१५ मध्ये आलेल्या निकालात उपचार घेतलेल्यांची फुफ्फुसक्षमता प्लासिबोच्या तुलनेत ३.७ टक्क्यांनी सरस होती. फरक लहान, पण व्हायरसशिवाय वारंवार दिलेल्या जनुकाने रुग्णात मोजता येण्याजोगं काही केलं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याहून मोठी झेप मात्र वेगळ्या विचारातून आली: धनभार कायम कशाला हवा? क्वाटर्नरी अमोनियमऐवजी तृतीयक अमाइन घ्या, ज्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन घेऊन बसतात तो आकडा) असा असेल की रक्तातल्या ७.४ पीएचला तो जवळपास निर्भार राहील आणि एंडोसोममध्ये शिरताच प्रोटॉन घेऊन धनभारित होईल. मग धनभार नेमका जिथे पटल फोडायचं तिथेच उगवतो. डीलिन-डीएमए, मग केसी-२, मग एमसी-३ अशी लिपिडांची मालिका झाली. उंदराच्या यकृतात एक प्रथिन निम्म्यावर आणायला लागणारी एसआयआरएनएची मात्रा पहिल्याला किलोमागे सुमारे १ मिलिग्रॅम होती, केसी-२ ला ०.०२, आणि एमसी-३ ला ०.००५. एमसी-३ चा पीकेए ६.४४. त्याच अभ्यासात बऱ्याच लिपिडांची तुलना केल्यावर उत्तम कामगिरी ६.२ ते ६.५ या चिंचोळ्या पट्ट्यात एकवटलेली दिसली. एमसी-३ चा वाहक वापरणारं पॅटिसिरान ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, एसआयआरएनएचं पहिलं औषध म्हणून. त्यातलं प्रमाण कुठल्याही प्रयोगशाळेत भिंतीवर लावण्याजोगं आहे: आयनीकरणक्षम लिपिड ५०, डीएसपीसी हे फॉस्फोलिपिड १०, कोलेस्टेरॉल ३८.५, पेग-लिपिड १.५ मोल टक्के. मॉडर्नाच्या कोविड लशीतलं एसएम-१०२ याच प्रमाणात बसवलेलं आहे, फायझर-बायोएनटेकचं एएलसी-०३१५ त्याच्या फार जवळ.

हा पीकेए रेणूचा नसतो, कणाच्या पृष्ठभागावरचा असतो. तुमच्या अमाइनचा पीकेए पाण्यात ९ असू शकतो आणि कणात ६.५. शेजारच्या रेणूंचे भार आणि तेलकट परिसर तो खाली ओढतात. म्हणून टायट्रेशन मुक्त अमाइनचं करून भागत नाही. टीएनएस हा ऋणभारित रंग वेगवेगळ्या पीएचच्या बफरमध्ये कणांसोबत ठेवा. धनभार उगवला की तो पृष्ठभागावर चिकटून चमकतो. प्रकाशाचा वक्र जिथे अर्ध्यावर येतो तो पीकेए. एका दिवसाचं काम आहे आणि माझ्या मते कुठल्याही आयनीकरणक्षम लिपिडबद्दलची सर्वात जास्त सांगणारी एकच मोजणी हीच.

क्वाटर्नरी डोकी टाकाऊ आहेत, असं यातून घेऊ नका. स्नायूत किंवा त्वचेत जागेवर टोचायचं असेल तर कायमचा धनभार सोयीचाही असतो. आपल्या पुण्याच्या जेनोव्हाची जेमकोव्हॅक-१९ लस, जिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, अशाच मार्गाची: स्क्वालीन या तेलाच्या थेंबांवर डोटॅप या क्वाटर्नरी लिपिडचं धनभारित आवरण आणि आरएनए आत न कोंबता बाहेरच्या पृष्ठभागावर चिकटवलेला. ती २ ते ८ अंशांना ठेवता येते. भारतातल्या साध्या शीतसाखळीला हे परवडतं, उणे तापमानाच्या लशींना ते जमत नव्हतं. शिरेतून द्यायचं झालं की चित्र बदलतं. धनभारित कणांवर रक्तातली प्रथिनं चिकटतात आणि बहुतेक माल फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत जातो. निर्भार आयनीकरणक्षम कणांवर मात्र एपोलायपोप्रोटीन ई हे रक्तातलं प्रथिन बसतं आणि ते यकृतात जातात. २०२० मध्ये टेक्सासमधल्या सीगवॉर्ट गटाने याच गोष्टीचा उपयोग केला: नेहमीच्या मिश्रणात डोटॅप निम्म्यापर्यंत घातलं आणि एमआरएनए यकृताऐवजी फुफ्फुसात वळला.

दुव्याबद्दल आता थोडक्यात. ईथर दुवा टणक असतो. एंजाइमं त्याला सहज तोडू शकत नाहीत, त्यामुळे लिपिड पेशीत साचतं आणि विषारीपणा वाढतो. तुमच्या पेशी मरतात त्यात दोन कायमचे धनभार आणि न तुटणारा दुवा, या दोघांचा हात असावा. एस्टर दुवा पेशीत हळूहळू तुटतो. डाइसल्फाइड दुवा ग्लुटाथायोनमुळे पेशीद्रवात तुटतो, कारण बाहेर ग्लुटाथायोन मायक्रोमोलरमध्ये आणि आत १ ते १० मिलिमोलर असतं. तरी डाइसल्फाइडला मी दुसऱ्या फेरीत ठेवेन. सिंथेसिस अवघड होतो आणि साठवणुकीत अदलाबदल होते. कार्बामेट हा मधला पर्याय, डीसी-कोलेस्टेरॉलमध्ये १९९१ पासून वापरलेला.

आता प्रयोगाकडे. तुमच्या प्रश्नात ‘लिपिड वाढवलं’ इतकंच आहे, प्रमाण नाही, म्हणून हिशेब मांडतो. १ मायक्रोग्रॅम प्लाझ्मिडमध्ये सुमारे ३ नॅनोमोल फॉस्फेट असतात. डोटॅपला एकच धनभार, म्हणून २:१ भारप्रमाणाला (धनभार:ऋणभार) ६ नॅनोमोल, म्हणजे साधारण ४.२ मायक्रोग्रॅम डोटॅप आणि तितक्याच मोलचं डोपे सुमारे ४.५ मायक्रोग्रॅम. तुमच्या लिपिडला दोन धनभार असल्याने मोल निम्मेच लागतील. हा फरक हिशेबात सुटला तर तुम्ही नकळत ४:१ वर काम करत असाल, आणि त्या वरच्या टोकाला मोकळं, डीएनए नसलेलं लिपिड पेशींना मारतं. भारप्रमाण १, १.५, २, ३ असं चढत जा. ४ च्या पुढे जाऊ नका. प्रत्येक प्रमाणाला डीएनए नसलेलं लिपिडही त्याच मात्रेत पेशींवर टाका. नुसतं लिपिडच मारतंय की डीएनएसकट कण मारतोय, हे त्याशिवाय कळत नाही.

मिसळताना पीबीएस (खारट फॉस्फेट बफर) टाळा. मिठामुळे भार झाकले जातात आणि कण तासाभरात गोळा होऊन मायक्रॉनमध्ये जातात. शिवाय असे मोठे गोळे डिशच्या तळाशी बसून जास्त डीएनए पेशींवर लोटतात, आणि आकडे फसवे चांगले येतात. तेच लिपिड प्राण्यात दिलं की कोसळतं. ५ टक्के ग्लुकोज किंवा कमी मिठाचं हेपीस वापरा, दहा-वीस मिनिटं थांबा, आकार मोजा, मग पेशींवर टाका. आणि एक प्लेट सीरमसकट करा. सीरमशिवायचे आकडे प्रबंधात छान दिसतात, पण प्राण्यात सीरमच असतं.

हिरवं दिसत नाही त्याचं कारण शोधायला मी तीन गोष्टी करून बघेन. पहिली, साय-५ हा चमकणारा रंग लावलेलं प्लाझ्मिड. ते पेशीत ठिपक्यांसारखं भरपूर दिसत असेल आणि जीएफपी नसेल, तर पेशी कण घेतात पण आत ते अडकून पडतात. दुसरी, तेच लिपिड, पण प्लाझ्मिडऐवजी जीएफपीचं एमआरएनए. एमआरएनएला केंद्रकात जावं लागत नाही, पेशीद्रवात पोचलं की वाचलं जातं. एमआरएनए चालतं आणि प्लाझ्मिड चालत नाही, तर एंडोसोम ही अडचण नसून केंद्रकाचं दार किंवा डीएनए न सुटणं ही आहे. दोन्ही चालत नाहीत, तर बहुधा एंडोसोमच. तिसरी, शू-सोका यांच्या पद्धतीने फॉस्फॅटिडिलसेरीन असलेले ऋणभारित लायपोसोम लायपोप्लेक्समध्ये घालणं आणि इथिडियम ब्रोमाइड किंवा तसाच रंग वापरून डीएनए किती सुटतो हे पाहणं. डोटॅप शेजारी ठेवा. तुमचं लिपिड डोटॅपपेक्षा बरंच कमी सोडत असेल, तर सगळं स्पष्ट झालं. हेपरिनची चाचणी सोपी आहे, पण तिच्यावर एकट्या भरवसा ठेवू नका; हेपरिन पेशीच्या बाहेरच्या शर्करांबद्दल जास्त सांगतं.

शुद्धतेचा मुद्दा फार जण दुर्लक्षितात आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते. तृतीयक अमाइनचं ऑक्सिडेशन होऊन एन-ऑक्साइड तयार होतं, त्यातून अल्डिहाइड, आणि ते अल्डिहाइड आरएनएच्या बेसला चिकटतात. २०२१ मध्ये मॉडर्नाच्या संशोधकांनी हे दाखवलं: आरएनएची साखळी अखंड दिसते, पण तिच्यातून प्रथिन बनत नाही. शुद्धतेच्या नेहमीच्या चाचण्यांत टीएलसीवर एकच ठिपका, एनएमआर सुंदर, आणि तरी हे होऊ शकतं. म्हणून लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये काचेच्या कुपीत, आर्गॉनखाली, उणे २० अंशांना ठेवा. प्लॅस्टिकच्या नळीतून क्लोरोफॉर्म काहीतरी घेऊन येतोच.

तर आता काय करायचं. नवीन सिंथेसिस तीन महिने थांबवा आणि चार ज्ञात लिपिडं विकत घ्या: डोटॅप, डोडॅप, डोटमा, डोडमा. चौघांच्या शेपट्या अठरा कार्बनच्या, एका दुहेरी बंधाच्या. डोटॅप-डोडॅप एस्टरचे, डोटमा-डोडमा ईथरचे. डोटॅप-डोटमा क्वाटर्नरी, डोडॅप-डोडमा तृतीयक. दोन दुवे गुणिले दोन डोकी. तुमच्याच पेशी, तुमचंच प्लाझ्मिड, तीच प्लेट. तृतीयक जोडीची तयारी मात्र वेगळी करावी लागेल: लिपिड इथेनॉलमध्ये, डीएनए पीएच ४ च्या सायट्रेट किंवा ॲसिटेट बफरमध्ये, तीन भाग पाणी एक भाग इथेनॉल असं झटपट मिसळायचं आणि मग डायलिसिसने ७.४ ला आणायचं. थेट ७.४ ला मिसळाल तर डीएनए धरलाच जाणार नाही, आणि तुम्ही लिपिडला दोष द्याल.

या चार आकड्यांशेजारी तुमचं जुनं लिपिड ठेवा. मग जे बनवायचं ते एका वेळी एक बदल करून: आधी हेक्झाडेसिलच्या जागी ओलिल, बाकी सगळं तसंच. मग दोनपैकी एक क्वाटर्नरी काढून तिथे हायड्रॉक्सिएथिल. शेवटी ईथरच्या जागी एस्टर. डायमेथिलअमिनो-प्रोपेनडायॉल आणि ओलिइक आम्लापासून एस्टर केलं की हाती डोडॅप येतं. त्याचाच काही भाग मिथिल आयोडाइडने मिथिलेट केला की डोटॅपचं आयोडाइड, आणि रेझिनवर आयोडाइडच्या जागी क्लोराइड आणता येतं. डोक्याची तुलना त्या एकाच बॅचमधून होते, शुद्धतेच्या फरकाचा संशयही राहत नाही. शुद्धीकरणात तुमचं एस्टर तुटायला लागलं, तर सिलिकावर ट्रायएथिलअमाइन जास्त नसेल ना हे आधी बघा, आणि तरीही तुटत असेल तर कार्बामेटकडे वळा.